पायबंद घालायचा की मागे धावायचं? अमेरिकेच्या 'कंटेनमेंट'कडे कसं बघावं

"ट्रूमनपासून रेगनपर्यंतच्या अध्यक्षांनी सोव्हिएत संघाविरुद्ध राबवलेलं 'कंटेनमेंट', म्हणजे त्याचा विस्तार रोखण्याचं धोरण, हे एकच धोरण होतं, की दर अध्यक्षाबरोबर बदलत गेलेली अनेक धोरणं? अमेरिकी इतिहासकार जॉन लुईस गॅडिस यांचं 'स्ट्रॅटेजीज ऑफ कंटेनमेंट' हे पुस्तक यासाठी वाचावं का, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्याने ते कसं वाचावं?" एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. शीतयुद्धाचा पेपर मी बावीस वर्षं शिकवला आणि दरवर्षी कोणी ना कोणी हे विचारलंच. परीक्षेत मात्र उत्तर यादीच्या रूपात यायचं: ट्रूमन सिद्धांत, आयसेनहॉवर सिद्धांत, निक्सन सिद्धांत आणि पुढे सालं. यादी पाठ होते, मार्कही मिळतात. पण एक सिद्धांत जाऊन दुसरा का आला, हे त्या यादीतून कधीच कळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. उद्देश एकच होता, रीती दोन होत्या. आणि अमेरिका एका रीतीवरून दुसऱ्या रीतीवर गेली, त्याचं कारण बहुतेक वेळा मॉस्कोत नव्हतं. ते वॉशिंग्टनच्या तिजोरीत आणि तिथल्या निवडणुकांत होतं. गॅडिस यांच्या पुस्तकाचा गाभा हाच आहे आणि तो मला आजही पटतो. पुस्तकाशी माझं जिथे भांडण आहे, ते पुढे सांगतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांत 'साम्यवादाला आळा घालण्याचं धोरण' असा शब्दप्रयोग असतो. वर्गात मी 'पायबंद' म्हणायचो. पायबंद म्हणजे घोड्याच्या मागच्या पायांना बांधायची दोरी. तिने घोडा मरत नाही, जखमीही होत नाही. तो उभा राहतो, चारा खातो, फक्त उधळू शकत नाही. १९४६ च्या फेब्रुवारीत मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीतून लांबलचक तार पाठवणारे तिथले मुत्सद्दी जॉर्ज केनन यांच्या मनात असंच काहीसं होतं. पुढच्या वर्षी जुलैत 'फॉरिन अफेअर्स' या नियतकालिकात 'एक्स' या नावाने त्यांचा लेख आला आणि कंटेनमेंट हा शब्द जगभर झाला. सोव्हिएत राजवट पसरू बघते पण तिला घाई नसते, समोर ठाम अडथळा दिसला की ती थांबते. तेव्हा युद्ध नको आणि नमतं घेणंही नको, धीराने अडवत राहा, आतल्या विसंगतींनी ती राजवट एक दिवस मवाळ होईल किंवा मोडेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

एवढं सगळ्यांना माहीत असतं. सुटतं ते पुढचं: अडवायचं कुठे? केनन यांचा हिशेब अगदी रोकडा होता. आधुनिक युद्धाची ताकद मोठ्या प्रमाणात निर्माण करू शकणारी औद्योगिक केंद्रं जगात पाचच आहेत, असं ते मानत: अमेरिका, ब्रिटन, ऱ्हाइनचं खोरं, जपान आणि सोव्हिएत संघ. पाचवं शत्रूच्या हातात आहेच. उरलेल्या चारांपैकी एकही त्याच्या हाती जाऊ द्यायचं नाही. बाकीच्या जगात चढउतार होतील, ते सोसायचे. म्हणजे मोक्याचे गड राखायचे, सीमेवरच्या प्रत्येक झुडपामागे शिपाई उभा करायचा नाही. मार्शल योजना या विचाराचं सगळ्यात शुद्ध रूप. १९४८ ते १९५२ या काळात पश्चिम युरोपात सुमारे १३ अब्ज डॉलर ओतले गेले, एकही गोळी न झाडता.

पण त्याआधीच, १२ मार्च १९४७ ला, ट्रूमन यांनी अमेरिकी संसदेसमोर वेगळीच भाषा वापरली होती. मागायचे होते ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर. भाषण मात्र दडपणाखाली असलेल्या साऱ्या स्वतंत्र जनतेला पाठिंबा देण्याचं झालं. केनन यांना ही भाषा खटकली होती. कारण उघड आहे: खर्च मंजूर करून घ्यायला जे शब्द वापरले जातात, ते नंतर धोरण होऊन मानगुटीवर बसतात. त्याच वर्षी स्तंभलेखक वॉल्टर लिपमन यांनी इशारा दिला की या मार्गाने पुढाकार मॉस्कोच्या हाती जाईल आणि अमेरिकेला जगभरच्या दुबळ्या राजवटींना टेकू देत बसावं लागेल. लिपमन यांनी केनन यांच्या लेखावर टीका केली होती, पण ती लागू पडली पुढच्या माणसांना.

तो पुढचा माणूस म्हणजे पॉल निट्झे. १९४९ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाने अणुचाचणी केली, ऑक्टोबरात माओंनी चिनी लोकगणराज्याची घोषणा केली. परराष्ट्र खात्याच्या धोरण नियोजन विभागातून केनन बाजूला झाले, निट्झे आले आणि एप्रिल १९५० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेसाठी (एनएससी) 'एनएससी-६८' हा दस्तऐवज तयार झाला. त्याचा सूर असा की स्वातंत्र्याचा कुठेही झालेला पराभव हा सगळीकडचा पराभव आहे. एकदा हे मान्य केलं की पाच केंद्रांचा हिशेबच संपतो. मग मध्यवर्ती काय आणि कडेचं काय, हा भेदच उरत नाही.

इथे थांबून एक सवय लावून घ्या. वर्गात मी सांगायचो: परराष्ट्र धोरणाचा कोणताही दस्तऐवज घ्या आणि त्यात हितसंबंध आधी येतो की धोका, एवढंच बघा. केनन आधी विचारतात, आपल्याला काय राखायचं आहे? मग त्याला धोका कशाचा, ते ठरवतात. एनएससी-६८ मध्ये धोका आधी येतो आणि धोका जिथे जाईल तिथे हितसंबंध त्याच्यामागे जातो. गॅडिस यांनी या दोन रीतींना नावं दिली आहेत. मी त्यांना साध्या मराठीत 'जिथल्या तिथे उत्तर' आणि 'आपल्या सोयीच्या जागी उत्तर' म्हणतो. पहिल्या रीतीत शत्रू जिथे, ज्या पातळीवर आव्हान देईल, तिथेच आणि त्याच पातळीवर उत्तर द्यायचं. तिचा फायदा म्हणजे दरवेळी अणुबॉम्ब की शरणागती असा पेच पडत नाही. तोटा म्हणजे खर्चाला अंत नाही आणि कुठे लढायचं हे शत्रू ठरवतो. दुसऱ्या रीतीत आपली ताकद जिथे जास्त, तिथे आणि त्या साधनाने उत्तर द्यायचं. ती स्वस्त पडते. पण कधी कधी फार मोठी धमकी द्यावी लागते, नाहीतर जे सोडलं ते सोडल्याची नाचक्की गिळावी लागते.

आता पैशाचा मुद्दा. ट्रूमन यांनी संरक्षण खर्चाची मर्यादा सुमारे १३.५ अब्ज डॉलरवर धरून ठेवली होती. त्याहून जास्त खर्च केला तर देशाची अर्थव्यवस्था कोलमडेल, अशी त्यांची खरी धास्ती होती. त्याच वेळी त्यांच्या आर्थिक सल्लागार मंडळावरचे लिऑन कायसरलिंग म्हणत होते की सरकारी खर्चाने अर्थव्यवस्थाच वाढेल आणि ती वाढ हा बोजा उचलेल. एनएससी-६८ लिहिणाऱ्यांना हे हवंच होतं. साधनं वाढवता येतात असं एकदा वाटलं की ध्येयंही फुगतात. जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध भडकलं आणि त्या आर्थिक वर्षाची संरक्षण तरतूद सुमारे ४८ अब्ज डॉलरवर गेली. गंमत नाही, दुप्पट नाही, तिपटीहून जास्त! परराष्ट्र धोरण शिकणारी मुलं अर्थसंकल्पाचे तक्ते वाचत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. गॅडिस ते वाचायला लावतात, एवढ्यासाठीसुद्धा पुस्तक हाती घ्यावं.

कोरियाबद्दल एक प्रसंग सांगतो, कारण तो आपल्याशी थेट जोडलेला आहे. जानेवारी १९५० मध्ये परराष्ट्रमंत्री डीन अचेसन यांनी आशियातली अमेरिकेची संरक्षण रेषा जाहीरपणे सांगितली, तिच्यात कोरिया नव्हता. जूनमध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला आणि जो देश रेषेबाहेर होता त्याच्यासाठी सैन्य उतरलं. सप्टेंबरात इंचॉनच्या विजयानंतर प्रश्न आला, दोन्ही कोरियांमधली सीमा असलेला ३८ अक्षांश ओलांडून उत्तरेत शिरायचं का? ऑक्टोबरच्या सुरुवातीला, मध्यरात्री, चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून सांगितलं की अमेरिकी फौजा अक्षांश ओलांडून आल्या तर चीन युद्धात उतरेल. निरोप दिल्लीमार्गे वॉशिंग्टनला पोचला. पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत, त्यांच्या शब्दाला किती किंमत द्यायची, असं म्हणून तो बाजूला टाकला गेला. काही आठवड्यांत चिनी सैन्य यालू नदी ओलांडून आलं. युद्ध आणखी अडीच वर्षांहून जास्त चाललं. शत्रूच्या प्रत्येक हालचालीला उत्तर द्यायचं ठरवलं की शत्रू आणि तटस्थ माणूस यांतला फरक ऐकू येईनासा होतो, हे मला या प्रसंगात फार ठळक दिसतं.

आयसेनहॉवर सेनापती होते, पण खर्चाच्या बाबतीत ट्रूमन यांच्याइतकेच, किंबहुना जास्तच काटकसरी. दिवाळखोर झालेला देश सुरक्षित कसा राहील, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून 'न्यू लुक': पायदळ कमी, अण्वस्त्रांवर भर, गुप्त कारवाया (इराण १९५३, ग्वाटेमाला १९५४) आणि मित्रदेशांची साखळी. सोयीच्या जागी उत्तर द्यायचं, ही रीत परत आली, पण केनन यांच्या संयमाशिवाय.

आणि मित्रदेशांची ती साखळी आपल्या दारात आली. मे १९५४ मध्ये पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार झाला, मग तो देश सीटो आणि बगदाद करार या साम्यवादविरोधी लष्करी गटांत गेला. वॉशिंग्टनच्या हिशेबात ही सोव्हिएत संघाला रोखायची स्वस्त सोय होती. दिल्लीला मात्र दिसले पाकिस्तानच्या हातातले पॅटन रणगाडे आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला मिळालेली एफ-१०४ स्टारफायटर विमानं. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला हे वाक्य मराठी घराघरांत आहे, पण त्यानंतर त्यांनी काय केलं हे फार थोड्यांना माहीत असतं. मे १९६४ मध्ये ते शस्त्रांची यादी घेऊन अमेरिकेला गेले. एफ-१०४ विमानं मिळाली नाहीत. त्याच दौऱ्यात २७ मेला नेहरू गेले आणि चव्हाण परतले. काही महिन्यांतच ते मॉस्कोला गेले. मिग-२१ ची बोलणी १९६२ पासून चालली होती, ती या काळात पक्की होत गेली, आणि विमानाचा सांगाडा बनवायचा कारखाना आला तो आमच्या नाशिकजवळच्या ओझरला. ओझरमधून जाताना मला दरवेळी वाटतं, शीतयुद्ध शिकवायला याहून चांगली जागा नाही. कराची-लाहोरकडे बघून वॉशिंग्टनने घेतलेला एक निर्णय नाशिक जिल्ह्यात हजारो लोकांचा रोजगार होऊन उभा आहे. असं काही घडेल, हे १९५४ सालच्या कोणत्याही अमेरिकी कागदात लिहिलेलं नव्हतं.

केनेडी आणि जॉन्सन यांनी परत 'जिथल्या तिथे' ही रीत घेतली, नाव 'फ्लेक्झिबल रिस्पॉन्स'. अणुबॉम्ब आणि माघार यांच्या मधली प्रत्येक पायरी हाताशी हवी, हा विचार कागदावर शहाणपणाचाच होता. संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी सगळं मोजायला सुरुवात केली. व्हिएतनाममध्ये १९६३ अखेर सुमारे १६ हजार अमेरिकी लष्करी सल्लागार होते. १९६८ मध्ये सैनिकांचा आकडा पाच लाखांच्या वर गेला. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला साजेशी होती, आणि शेवटी अमेरिका जिथे पोचली तिथे जायचं कोणीच ठरवलं नव्हतं. ५८ हजारांहून अधिक अमेरिकी आणि लक्षावधी व्हिएतनामी माणसं गेली. पुस्तकातलं व्हिएतनामवरचं प्रकरण मी सगळ्यात उत्तम मानतो. साधनांची मोजदाद करता करता मूळ ध्येय नजरेआड कसं होतं, हे गॅडिस यांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवलं आहे. याच जॉन्सन यांनी १९६५ ते १९६७ च्या टंचाईत भारताला जाणाऱ्या धान्याची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली. त्यात शेतीसुधारणांचा आग्रह होता आणि व्हिएतनामवरच्या आपल्या टीकेचा रागही. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या पिढीला महासत्तांचं राजकारण वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांच्यापाशी माझं गॅडिस यांच्याशी भांडण सुरू होतं. त्यांच्या दृष्टीने ही जोडी केनन यांच्या विचाराच्या जवळ येते: सगळ्या जगात साम्यवाद एक नाही हे ओळखलं, चीनला मॉस्कोपासून वेगळं काढलं, मे १९७२ मध्ये अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा पहिला साल्ट करार मॉस्कोशी केला. मध्यवर्ती काय आणि कडेचं काय, हा भेद परत आला. हे सगळं खरं आहे. पण कडेला कोण होतं? जुलै १९७१ मध्ये किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला गेले. ती वाट उघडी ठेवायची म्हणून पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीकडे डोळेझाक झाली. ढाक्यातले अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिललाच, वीस सहकाऱ्यांच्या सह्यांसह, आपल्या सरकारच्या गप्प बसण्याचा निषेध करणारी तार पाठवली होती. तिच्या बदल्यात त्यांना ढाक्यातून हलवलं गेलं. ९ ऑगस्टला भारत-सोव्हिएत करार झाला. डिसेंबरात 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. भारतीय उपखंडातल्या एका प्रादेशिक प्रश्नात मॉस्कोचा हात शोधण्याची सवय अमेरिकेने सोडली असती, तर कदाचित दिल्ली मॉस्कोच्या इतकी जवळ गेलीच नसती. म्हणजे ज्या जोडीने धोका आणि हितसंबंध यांचा क्रम सुधारला असं पुस्तक म्हणतं, तीच जोडी ढाक्यात जुनी चूक करताना दिसते. पुस्तकात या प्रकरणाला मिळालेली जागा अगदी थोडी आहे.

ही केवळ एका प्रकरणाची उणीव नाही. पुस्तक पहिल्यांदा १९८२ मध्ये आलं तेव्हा अमेरिकी कागदपत्रं खुली होत होती, एनएससी-६८ सुद्धा १९७५ मध्येच खुलं झालं होतं. सोव्हिएत कागद बंद होते. त्यामुळे हा अभ्यास वॉशिंग्टनच्या टेबलावरून केलेला आहे. मॉस्को, बीजिंग, हनोई या त्यात सावल्या आहेत. एका अर्थी लेखकाने हे कबूलच केलं आहे, कारण धोरण आतल्या कारणांनी बदलतं हाच त्यांचा सिद्धांत. दुसरी गोष्ट, गॅडिस यांचा केनन यांच्याकडे ओढा आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते केनन यांचे अधिकृत चरित्रकार झाले, अट अशी की चरित्र केनन यांच्या मृत्यूनंतरच छापायचं. केनन १०१ वर्षं जगले, २००५ मध्ये गेले. चरित्र २०११ मध्ये आलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. इतकी वर्षं एका माणसाच्या कागदपत्रांत राहिलेल्या लेखकाला बाकीचे अध्यक्ष केनन यांच्याच मापाने मोजावेसे वाटले, तर नवल नाही. वाचताना ते माप डोळ्यांसमोर असू द्या.

२००५ च्या सुधारित आवृत्तीत रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्यावर प्रकरण जोडलं आहे. रेगन यांनी कंटेनमेंट तडीला नेलं, असा त्याचा रोख आहे. मला ते पुस्तकातलं सगळ्यात कच्चं प्रकरण वाटतं. रेगन यांनी आधी दबाव वाढवला आणि नंतर गोर्बाचेव्ह यांच्याशी मनापासून बोलणी केली, १९८७ चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरचा आयएनएफ करार त्यातूनच झाला, हे मान्य. पण अफगाणिस्तानातली फरफट, १९८६ मधली तेलाच्या भावाची घसरण, बाल्टिक देशांपासून जॉर्जियापर्यंत उफाळलेला राष्ट्रवाद, यांचं वजन वॉशिंग्टनच्या टेबलावरून नीट दिसत नाही.

अलीकडे विद्यार्थी हटकून विचारतात की चीनला हेच धोरण लागू होईल का. घाईने हो म्हणू नका. पायबंद घातलेला घोडा वेगळ्या तबेल्यात होता. सोव्हिएत संघाशी अमेरिकेचा व्यापार नगण्य होता. चीनशी २०२२ मध्ये अमेरिकेचा मालाचा व्यापार ६९० अब्ज डॉलरवर गेला होता. इथे दोर दोघांच्याही पायांत आहे.

आता पुस्तक कसं वाचावं. त्याची रचना जोडीची आहे: केनन, न्यू लुक, फ्लेक्झिबल रिस्पॉन्स, देतांत (निक्सन-किसिंजर यांचं तणाव कमी करण्याचं धोरण), या प्रत्येकावर आधी विचाराचं प्रकरण आणि लगेच अंमलबजावणीचं. परीक्षेसाठी वाचणारे विचाराची प्रकरणं वाचून थांबतात. तसं करू नका, खरा इतिहास त्या दोहोंमधल्या फटीत आहे. सुरुवात पहिल्या पानापासून केलीच पाहिजे असं नाही. आधी एनएससी-६८ चं प्रकरण, मग व्हिएतनामचं, मग मागे जाऊन केनन. त्यानंतर अमेरिकी परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेले, इंटरनेटवर फुकट मिळणारे मूळ कागदपत्रांचे खंड उघडा. १९७१ च्या दक्षिण आशियाई संकटावर त्यांत स्वतंत्र खंड आहे. ब्लड यांची ती तार आणि त्या वसंतातले व्हाइट हाउसचे कागद शेजारी ठेवा, आणि कोणाच्या लिखाणात हितसंबंध आधी येतो, कोणाच्या धोका, ते समासात लिहीत जा. त्यावर दोन-चार पानं लिहिलीत तर मला जरूर पाठवा, मी ती नीट वाचून कळवीन.